एका दिवसास एकच ठिकाण

सुटीचे दिवस जवळ येऊं लागले, कीं घरोघरीं मुलांना कोठें न्यावें हा विचार सुरू होतो. कुटुंब एकत्र असलें म्हणजे मुलें चार-पांच, त्यांचीं वयें निराळीं, आवडी त्याहून निराळ्या, आणि वडील मंडळींच्या रजांचा मेळ तर मुळींच बसत नाहीं. अशा वेळीं मुलांना शहर दाखवून आणण्याचें काम बहुधा घरांतील आजोबांकडे येतें. तें आमच्याकडेहि आलें. तें कसें पार पडलें आणि पूर्वीं एकदां आमच्याच हातून तें कसें बिघडलें होतें, हें सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहों. ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांस यांतून घेण्याजोग्या दोन गोष्टी मिळतील अशी आशा आहे.

बिघडलें तें आधीं सांगतों. १९९१ च्या मे महिन्यांत आमच्या चिरंजीवांस मुंबई दाखविण्याकरितां आम्ही घेऊन गेलों. त्याचें वय तेव्हां नऊ वर्षांचें. शिक्षकाचा मुलगा, तेव्हां त्याची सहलसुद्धां शिक्षकी पद्धतीनेंच व्हावयाची. वाईहून निघतांनाच आम्हीं त्याच्या पिशवींत एक शंभर पानी वही घातली होती, आणि दोन दिवसांत पाहावयाच्या अकरा ठिकाणांची यादी आमच्या खिशांत होती. राणीची बाग, वस्तुसंग्रहालयें, गेटवे, राजाबाई टॉवर, हँगिंग गार्डन, चौपाटी, सारीं एकामागून एक उरकलीं. प्रत्येक ठिकाणीं आम्हीं इमारतीचा सन सांगावा, पुढच्या ठिकाणीं पोहोंचल्यावर मागचा सन विचारावा, आणि उत्तर चुकलें तर वहींत लिहवून घ्यावा, असा क्रम होता. घरीं परतल्यावर 'मी पाहिलेली मुंबई' या विषयावर त्याच्याकडून निबंध लिहविला. सन सारे बरोबर होते. शेवटीं मात्र त्यानें एक वाक्य आमच्या सांगण्यावांचून, आपल्या मनाचें लिहिलें होतें : 'मुंबईंत माझे पाय फार दुखले.' आम्हीं त्या वाक्याखालीं तांबड्या शाईनें रेघ ओढली आणि बाजूस 'अप्रस्तुत' असा शेरा दिला.

त्यानंतर त्या मुलानें आपण होऊन कोणत्याहि वस्तुसंग्रहालयांत पाऊल टाकल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आतां तो पुण्यास नोकरीला आहे, दोन मुलांचा बाप आहे. गेल्या हिंवाळ्यांत त्यास रजा मिळेना, म्हणून त्याचीं दोन मुलें आणि आमच्या मुलीची एक अशीं तिघें आमच्या हवालीं झालीं. थोरली नात अकरा वर्षांची, नातू आठांचा, आणि धाकटी पांचांची. पुणें स्टेशनावर गाडी सुटण्यापूर्वीं चिरंजीव खिडकीपाशीं आले आणि हळूच म्हणाले, "अण्णा, एक विनंति आहे. या वेळीं त्यांना प्रश्न विचारूं नका."

एवढेंच बोलून ते बाजूस झाले. त्या निबंधाचा विषय आमच्या घरीं पुन्हा कधीं निघाला नव्हता. परंतु तो विसरला गेलेला नाहीं हें त्या क्षणीं कळलें. गाडी खडकी ओलांडीपर्यंत आम्हीं कांहीं बोललों नाहीं. मग आमच्या कुटुंबानेंच तोंड उघडलें. ती म्हणाली, "आपण तीन नियम करूं. एका दिवसास एकच ठिकाण. मूल उभें राहील तेथें आपणहि उभें राहावयाचें. आणि कोणीं विचारल्याशिवाय कांहीं सांगावयाचें नाहीं." तिसरा नियम कोणास उद्देशून होता हें सांगावयास नको. आम्हीं तिन्ही मान्य केले.

पहिली कसोटी घाटांतच लागली. बोरघाटांतील लोहमार्ग १८६३ मध्यें खुला झाला, आणि ज्या डेक्कन क्वीनमध्यें आम्ही बसलों होतों ती १ जून १९३० रोजीं सुरू झाली, या दोन्ही गोष्टी आमच्या जिभेवर अगदीं तयार होत्या. आम्हीं त्या गिळल्या. तोंवर मुलांनीं आपण होऊन बोगदे मोजण्यास आरंभ केला होता. कर्जत आलें तेव्हां तिघांचे तीन आंकडे निघाले, मोठा वाद झाला, आणि परततांना पुन्हा मोजावयाचे असें ठरलें. परतीच्या प्रवासाचीहि मुलें वाट पाहूं लागलीं, हा पहिला लाभ.

मुंबईंत आमच्या धाकट्या बंधूंचें बिऱ्हाड गिरगांवांत आहे, तेथें मुक्काम. परंतु पहिल्या दिवसाचें ठिकाण बोरीबंदर हेंच निघालें, कारण मुलें स्टेशनाच्या बाहेर येऊन तेथेंच थबकलीं. ही इमारत १८७८ मध्यें आरंभ होऊन दहा वर्षांत उभी राहिली. प्रथम व्हिक्टोरिया टर्मिनस, १९९६ पासून छत्रपति शिवाजी टर्मिनस आणि २०१७ पासून छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस असें तिचें नांव झालें. २००४ मध्यें ती जागतिक वारशांत गणली गेली. येथूनच १६ एप्रिल १८५३ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्यास गेली. मुलांना यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्यांना फाटकाच्या दोन खांबांवर बसलेले सिंह आणि वाघ तेवढे दिसले. मग भिंतीवर आणखी प्राणी सांपडतात कीं काय याचा शोध सुरू झाला, आणि सामान सांभाळीत आम्ही दोघें म्हातारीं पाऊण तास उन्हांत उभीं होतों. थोरलीनें शेवटीं विचारलें, "आजोबा, एका बाजूस सिंह आणि एका बाजूस वाघ कां?" सिंह इंग्लंडचें चिन्ह आणि वाघ हिंदुस्थानचें, हें आम्हीं एका वाक्यांत सांगितलें. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे वाघ अजून येथें आहे, आणि सिंह पाहुणा राहिला आहे." इतकें चांगलें उत्तर आमच्या वर्गांत आम्हांस क्वचितच मिळालें असेल, आणि हें तर कोणीं विचारलेलेंहि नव्हतें.

दुसरा दिवस भायखळ्याच्या राणीच्या बागेचा. वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं ही बाग बुधवारीं बंद असते. तिचें आजचें नांव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ मध्यें ती लोकांस खुली झाली. २०१६ मध्यें तेथें हम्बोल्ट जातीचे पेंग्विन पक्षी आणले आहेत, आणि त्यांच्या दालनासमोर रांग मोठी असते. आम्हीहि रांगेंत उभे राहिलों. पक्षी पाहून मुलें हरखलीं. परंतु धाकटीचें खरें मन रमलें तें एका खारीपाशीं. वाईस आमच्या अंगणांत अशा दहा खारी रोज बागडतात, हें सांगण्याचा मोह आम्हांस झाला. नियम आठवून गप्प राहिलों. खार झाडावरून उतरे, कांहीं उचली, पुन्हा चढे, आणि मुलगी पाय दुमडून पाहत बसे. तेवढ्या अवधींत आमच्या कुटुंबानें थोरलीस कैलासपतीचें फूल दाखविलें. त्यांतील केसरांचा झुपका नागाच्या फणेप्रमाणें पिंडीवर वांकलेला असतो, म्हणून तें नांव, हें मुलीनें फूल हातांत घेतल्याबरोबर स्वतःच ओळखलें.

बागेच्या आवारांतच १८७२ मध्यें उघडलेलें वस्तुसंग्रहालय आहे. १९७५ मध्यें त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें. भाऊ दाजी धंद्यानें डॉक्टर, परंतु संस्कृत विद्येंत आणि प्राचीन लेखांच्या वाचनांत त्यांची गति मोठी. आम्हांसारख्यांस तें स्थान तीर्थाप्रमाणेंच वाटावें. नातू मात्र आंत जाण्यापूर्वींच अंगणांतील एका दगडी हत्तीपाशीं अडकला. तो हत्तीभोंवतीं तीन फेऱ्या घालून आला आणि ओरडला, "आजोबा, हा हत्ती जोडलेला आहे! हे पाहा सांधे!"

आम्ही जवळ गेलों. तो सांध्यांवरून बोट फिरवीत होता. "हा कोणीं फोडला? आणि मग जोडला कशासाठीं?" विचारल्याशिवाय सांगावयाचें नाहीं हा नियम, पण आतां त्यानें विचारलें होतें. तेव्हां झाडाच्या सावलींत बसून आम्हीं सांगितलें. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्याच वरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा असें नांव दिलें. १८६४ मध्यें तो विलायतेस नेण्याची खटपट झाली; उचलतांना यारी मोडली, हत्ती खालीं पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस आणले, आणि १९१४ मध्यें ते सांधून हत्ती पुन्हा उभा करण्यांत आला. नातवानें हें सारें ऐकून घेतलें आणि एकच प्रश्न केला : "म्हणजे पन्नास वर्षें तुकडे कोणीं टाकून दिले नाहींत?" आम्हीं म्हटलें, "नाहीं." तो पुन्हा हत्तीकडे गेला.

वाचकहो, हीच कथा, हेच सन, १९९१ मध्यें याच जागीं आम्हीं त्याच्या बापास सांगितले होते. फरक एवढाच, कीं त्या मुलास तो हत्ती जोडलेला आहे हें दिसण्यापूर्वींच आम्हीं सांगून टाकलें होतें, आणि दोन मिनिटांत त्याचा दंड धरून पुढें नेलें होतें. शोधण्याचा आनंद आम्हींच आधीं खर्चून टाकला. त्याच्या वाट्यास नुसतें पाठांतर राहिलें.

त्याच आवारांत एका घोडेस्वाराचा पुतळा आहे. थोरलीनें खालची पाटी वाचली आणि ती बुचकळ्यांत पडली. फोर्टांतील ज्या चौकास काळा घोडा म्हणतात तेथील मूळचा घोडा तो हाच. सातव्या एडवर्डचा हा पुतळा १९६५ मध्यें तेथून हालवून येथें आणला. चौकाचें नांव तसेंच राहिलें, आणि २०१७ मध्यें तेथें दुसरा घोडा, स्वाराविना, उभा करण्यांत आला. हें समजतांच तिनें तिसऱ्या दिवसाचें ठिकाण आपण होऊन नेमलें : बिनस्वाराचा घोडा.

तिसऱ्या दिवशीं प्रथम बोरीबंदराहून बेस्टच्या दुमजली बसनें एक फेरी केली. जुन्या तांबड्या, तेलावर चालणाऱ्या दुमजली गाड्या १९३७ पासून मुंबईंत होत्या. त्यांतील शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजीं बंद झाली. आतांच्या विजेवर चालतात, खिडक्या बंद असतात आणि आंत गारवा असतो. वारा लागत नाहीं ही आमची तक्रार. मुलांची कांहींच तक्रार नव्हती, कारण वरच्या मजल्यावरची अगदीं पुढची बांकें त्यांना मिळालीं होतीं. झाडाची फांदी काचेजवळ आली कीं तिघेंहि डोकें खालीं घालीत.

त्या बसमध्यें आम्हांस आमच्या वडिलांची आठवण झाली. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं कायमची थांबली. त्याच्या आधींच्या वर्षीं, आम्ही पांच वर्षांचे असतांना, वडील कांहीं कामानिमित्त मुंबईस आले होते आणि आम्हांस बरोबर आणलें होतें. दुसरें कांहीं दाखविण्याची ऐपत नव्हती. काम आटोपल्यावर त्यांनीं आम्हांस ट्राममध्यें बसविलें, शेवटच्या थांब्यापर्यंत नेलें आणि तशाच दुसऱ्या ट्रामनें परत आणलें. वाटेंत त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं, कांहीं विचारलें नाहीं. आमच्या खांद्यावर हात तेवढा होता. चालक पायानें घंटा वाजवीत असे. तो आवाज साठांहून अधिक वर्षें आमच्या कानांत आहे. वडील शाळेंत फार शिकलेले नव्हते. मुलाला बरोबर कसें न्यावें हें मात्र त्यांना आमच्याहून चांगलें ठाऊक होतें, आणि तें ध्यानांत येण्यास आम्हांस नातवंडांचा प्रवास लागला.

चौथ्या दिवशीं वाळकेश्वरीं बाणगंगेवर गेलों. समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि तळ्यांत झऱ्याचें गोड पाणी. रामानें बाण मारून तें काढलें अशी कथा आहे. जवळच्या देवळाचा जीर्णोद्धार १७१५ च्या सुमारास रामा कामत यांनीं केला. पायऱ्यांवर बसून दशम्या आणि चटणी खाल्ली. थोरली आतां शाळेंत संस्कृत शिकूं लागली आहे. तिनें नांवाची फोड करून पाहिली : वालुका आणि ईश्वर, वाळूचा देव. रामानें वाळूचें लिंग केलें ही कथा तिला मग आजीनें सांगितली. धाकटी त्याच संध्याकाळीं चौपाटीवर वाळूचा ढीग करून त्यावर शंख ठेवून आली.

चौपाटी हें आम्हीं ठिकाणांत धरलें नव्हतें. ती घरापासून पायीं जाण्याजोगी, म्हणून रोजच्या संध्याकाळची. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले आणि त्यांच्या देहास येथेंच अग्नि दिला गेला. त्यांच्या पुतळ्यापुढें आजीनें हात जोडले, मुलांनींहि जोडले. नातू म्हणाला, "यांनींच शेंगा खाल्ल्या नव्हत्या ना?" आम्ही हंसलों आणि म्हटलें, "यांनींच." पुष्कळ सांगण्यासारखें होतें, पण तो आणखी विचारील तेव्हां सांगूं, असें म्हणून ठेवून दिलें.

कोणी म्हणतील, आजच्या मुलांस असल्या साध्या गोष्टी पुरत नाहींत. आमच्या पुतण्याचेंहि तेंच म्हणणें. त्यानें एका संध्याकाळीं मुलांना मोठ्या मॉलमध्यें खेळ खेळण्यास नेलें. मुलें आनंदानें गेलीं, आनंदानें आलीं. त्यांत वाईट कांहीं झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. उकाडा नाहीं, रस्त्याची भीति नाहीं, दमलेल्या आईबापांस बसावयास जागा मिळते, हे त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. परंतु तेथें जें केलें तें पुण्यासहि करतां आलें असतें, आणि त्या दोन तासांत झालेल्या खर्चांत आमचे बाकीचे चारी दिवस निघाले होते. शिवाय तेथें मुलें यंत्राशीं खेळतात आणि वडील माणसें पिशव्या धरून बाहेर उभीं राहतात. एकत्र पाहिलेलें असें कांहीं राहत नाहीं.

आतां ज्यांना मुलें घेऊन निघावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. मुंबईस मार्गशीर्ष ते माघ हे दिवस बरे. वैशाखांत नेऊं नये, आम्हीं नेऊन पाहिलें आहे. लोकलनें जावयाचें तर सकाळीं अकरानंतर निघावें आणि संध्याकाळीं पांचाच्या आंत परतावें. प्रत्येक मुलाच्या खिशांत घरच्या दूरध्वनीचे दोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. कोठेंहि पोहोंचल्यावर प्रथम एक ठळक खूण ठरवावी आणि चुकामूक झाली तर जेथें असाल तेथून हालूं नका, विचारावयाचें तर गणवेषांतल्या माणसास विचारा, असें बजावावें. पाणी आणि खाणें घरचें. दुपारचे दोन तास विश्रांतीचे. मोबाइल एका मोठ्या माणसापाशीं ठेवावा; छायाचित्र शेवटीं एकच काढावें. आणि जें ठिकाण पाहावयाचें राहिलें त्याबद्दल हळहळूं नये. तें पुढील वर्षाचें निमित्त होतें.

परततांना कर्जतीस आमच्या गाडीस मागून जास्तीचीं इंजिनें जोडलीं, तीं पाहण्यासाठीं नातू दारापर्यंत धांवला. बोगद्यांचा आंकडा या खेपेसहि जुळला नाहीं.

पुण्यास चिरंजीव स्टेशनावर आले होते. रिक्षांत बसल्याबरोबर मुलांनीं एकदमच बोलण्यास सुरुवात केली : खार, घोडा, वाळूचा देव. नातवानें हत्तीची कथा सांधे कोठें कोठें आहेत यासकट सांगितली. सनसुद्धां बरोबर सांगितले, आणि ते आम्हीं त्यास पाठ करविले नव्हते. चिरंजीवांनीं सारें ऐकलें. मग आमच्याकडे न पाहतां म्हणाले, "अण्णा, मला तो हत्ती मुळीं आठवतच नाहीं."

आम्हीं म्हटलें, "तो दोष तुझा नव्हे. आम्हीं तुला तो पाहूंच दिला नाहीं." इतकें बोलावयास आम्हांस चौतीस वर्षें लागलीं. ते कांहीं बोलले नाहींत. घर आल्यावर धाकटी झोंपली होती; तिला खांद्यावर घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "पुढच्या हिंवाळ्यांत मला रजा मिळेल. तेव्हां पुन्हा जाल का?"

जाणार आहों. वही नेणार नाहीं. तो हत्तीपुढें जितका वेळ उभा राहील, तितका वेळ आम्हीहि शेजारीं उभे राहूं.